लाभ सोडून दहा

माझी बायको नाला मोजायची. गाव हसायचं. सरकार हसलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो. चौथी शिकलेला माणूस आहे, चुका होतील. ती असती तर म्हणाली असती, "तुमी काऊन लिहून राह्यले? बोलता येते तेवढं पुरे नाई काय?" ती जाऊन चार पावसाळे झाले. बोलायला घरात कोणी नाही. म्हणून लिहितो.

ऐंशीनंतरची गोष्ट. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. आमचं गाव मूल या तालुक्याच्या गावापुढं, जंगलात, डोंगरीच्या पायथ्याशी. विजेचा खांब आम्ही मूलला गेलो म्हणजे पाहायचो. धानाची गिरणीही तिथंच. बैलगाडीनं एक दिवस जायला, एक दिवस यायला. एवढी सवड कोणाला असते? घरोघरी बाया उखळात धान कांडायच्या. तेंदूपत्त्याच्या हंगामात माझी बायको डोक्यावर गठ्ठा घेऊन उतारावरून पडली, तेव्हापासून तिचा उजवा खांदा गेला होता. हात वर जात नव्हता. तरी कांडायची. डाव्या हातानं मुसळ उचलायची, उजव्यानं नुसतं धरायची, आणि प्रत्येक घावाला तोंड वाकडं करायची. मी पाहायचो आणि बाहेर निघून जायचो. पुरुषानं मुसळ धरायची आमच्याकडे रीत नव्हती. रीत नव्हती म्हणून धरलं नाही, हे सरळ सांगतो.

असं असताना एका हिवाळ्यात जीप आली. जीपमध्ये एक साहेब, डांबराचा रिकामा ड्रम, आणि नळ्या-दोऱ्या असलं सामान. साहेब चाळिशीचा, टक्कल पडलेला, बोलणं पुस्तकातल्यासारखं, पुण्याकडचं. त्यानं आमचा नाला पाहायचा आहे म्हटलं आणि गाव घाबरलं. तेव्हा मोठ्या धरणांच्या बातम्या फिरत होत्या. सरकारचा माणूस पाणी मोजतो म्हणजे गाव बुडणार, असंच आम्हाला वाटायचं.

पोलीस पाटलानं तोंडावर विचारलं, "साहेब, खरं सांगा. गाव बुडते काय?"

"धरण नाही हो," साहेब म्हणाला. "तुमचा नाला डोंगरीवरून उतरतो. ते पडणारं पाणी नळीत घेऊन एक लहान चाक फिरवता येईल का, एवढंच पाहायचंय. फिरलं तर दिवसा धानाची गिरणी चालेल, संध्याकाळी घरात दिवे लागतील."

"मंग आना चाक."

"चाक नंतर. आधी या ड्रममध्ये पाणी मोजायचं. सरकारनं मोजायला पैसे दिलेत, चाकाला नाही दिलेले."

लोक हसले. कोणी म्हणालं, आज पाणी मोजून राह्यले, उद्या हवा मोजतीन. साहेब चिडला नाही. तो म्हणाला, हवा मोजणारेही आहेत. आणि समुद्राच्या लाटांवर वीज काढता येते का याचाही अभ्यास सरकारच्या पैशानं कुठंतरी किनाऱ्यावर चालू आहे.

माझी बायको बायांच्या मागं उभी होती. तिथून म्हणाली, "समुद्राले कोन्त्या ड्रममदी घेतेत, भाऊ?"

साहेब पोट धरून हसला. "बाई, त्यांनाही तोच प्रश्न पडलाय."

त्या दिवसापासून तो तिला ओळखायला लागला. मला लिहिता येतं म्हणून मोजणीचं काम मला मिळालं. रोजीवर. काम असं होतं. नाल्याला दगडमातीचा आडवा बांध घालून सगळं पाणी एका पोखरलेल्या सिंदीच्या खोडातून खाली सोडलं. खोडाखाली ड्रम. ड्रमच्या आत पांढरी रेघ, आणि बुडाला भोक, त्याला चिंधी गुंडाळलेली खुंटी. खोडाच्या तोंडाशी एक फळी तिरपी लावलेली. फळी ओढली की पाणी ड्रममध्ये. रेघेला पाणी लागलं की थांबायचं. मध्ये किती वेळ गेला ते बघायला साहेबानं एक घड्याळ दिलं होतं. दाबलं की काटा चालू, दाबलं की बंद. रोज सकाळी आणि दुपारी, पाच-पाच वेळा.

जाताना साहेबानं सगळ्या गावासमोर सांगितलं, "उन्हाळ्यात पाणी सगळ्यात कमी होईल, तेव्हा बघायचं. तेव्हा ड्रम दहा सेकंदांत भरला, तर चाक बाराही महिने चालेल. अकरा लागले, तर उन्हाळ्यात बंद पडेल."

दहा हा आकडा गावाच्या तोंडी बसला. माझी बायको कांडता कांडता विचारायची, "आज किती?"

"पाच."

"दहाले लय दूर हाय मंग," ती म्हणायची आणि मुसळ मारायची. त्या दिवसांत तिला मी पहिल्यांदा चाकाच्या गोष्टीवर खूश होताना पाहिलं. पोरीबाळींना सांगायची की मी मरासाठी नाई, चाकासाठी जगून राह्यली.

एकट्याला फळी ओढून घड्याळ दाबणं जमत नव्हतं. म्हणून ती यायला लागली. घड्याळ तिच्या हातात. मी फळी ओढायचो, वाकून रेघ पाहायचो, "बस" म्हणायचो. ती दाबायची आणि घड्याळ माझ्यासमोर धरायची, कारण आकडे तिला वाचता येत नव्हते. काटा एक घर सरकला की ती बोट हलवायची. सारा हिवाळा बोट हलवलं. पुढंपुढं घड्याळाकडे न पाहता हलवायची, आणि काट्याच्या जोडीनंच हलायचं.

चैत्रात घड्याळ पाण्यात पडलं. कोणाच्या हातून ते लिहीत नाही. माझ्याच हातून. काटा अडकला तो अडकलाच. मी वहीत लिहिलं, 'घड्याळ बंद', आणि साहेबाला कार्ड टाकलं. साहेब तेव्हा चंद्रपुरात हिवतापानं पडला होता. त्याचं उत्तराचं कार्ड आलं. नवीन घड्याळ मागवलंय, यायला वेळ लागेल, तोवर तोंडानं मोजा, वेग एकसारखा ठेवा, वह्या टपालानं पाठवत राहा.

मी मोजून पाहिलं. माझी मोजणी पळायची. घाई हा माझा जुना रोग. ती म्हणाली, "सरका. मले येते."

खरंच येत होतं. मी फळी ओढायचो. ती डोळे मिटून, बोट हलवत, मोठ्यानं, एका ठेक्यात मोजायची. "एक, दोन, तीन." मी रेघ पाहायचो. "बस." ती जो आकडा सांगायची तो मी लिहायचो आणि पुढं मांडायचो, 'तोंडानं. बायको'. एप्रिलमध्ये आठ. मग नऊ. मे लागला, नाल्यात दगड उघडे पडले, आणि दहा. रोज दहा. पाची वेळा दहा. अकरा काही होईना. गाव रोज संध्याकाळी विचारायचं. मी दहा सांगायचो आणि लोक देवाचं नाव घ्यायचे. आम्ही बौद्ध, आम्ही देवाचं नाव घेत नव्हतो, पण आनंद तेवढाच होता.

मेच्या शेवटाला साहेब आला. अर्धा झाला होता तापानं. पण हसत उतरला. वह्या पाहून त्यानं वरच्या कार्यालयाला अहवाल पाठवून दिला होता, नाला पुरतो, चाक बसवावं. पोलीस पाटलानं त्याला भात आणि मोहरीची भाजी जेवू घातली. सोबत नवीन घड्याळ होतं. जेवण झाल्यावर साहेब म्हणाला, चला, एकदा याच्यावर पाहून घेऊ.

मी फळी ओढली. घड्याळ साहेबाच्या हातात. "बस."

साहेबानं काट्याकडे पाहिलं. "पुन्हा."

पाच वेळा केलं. पाची वेळा अकरा.

त्याच सकाळी तिनं दहा मोजले होते. एका दुपारीत नाला एवढा आटत नाही. साहेबाला वाटलं घड्याळ खराब. आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी लावून पाहिलं, बरोबर. मग त्याला वाटलं बाईची मोजणी संथ असेल. त्यानं तिला काठावर बसवलं, पाठ करून, आणि साठपर्यंत मोजायला लावलं. ती मोजून थांबली तेव्हा काटा एकसष्टवर. तीसपर्यंत मोजवलं. एकतीस. दहापर्यंत, अकरा.

साहेब तिथंच दगडावर बसला. मला म्हणाला, "संथ असत्या तर साठात पाच-सहा चुकले असते. चूक एकाचीच आहे. कितीही मोजलं तरी एकच. कुठं जातो तो एक?"

मला तेव्हाही कळलं नाही. लाज वाटते सांगायला, कारण मला कळायला पाहिजे होतं.

तीच बोलली. "लाभ तर मोजत नाई न भाऊ."

"कुठला लाभ?"

आमच्याकडे धान मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत. तिला लाभ म्हणतात. बहुतेक घरी लाभ, दोन, तीन असं मोजतात. लाभ म्हणजेच एक. पण तिचं माहेर नदीपलीकडचं, तिथं लाभ वेगळा काढतात. पहिली पायली लाभाची, ती मोजणीत नाही, ती मातीची. तिच्या पुढं एक, दोन. माझ्या वडलांनी छप्पन सालानंतर घरातले देव उचलून नेऊन पाण्यात सोडले. लाभ कोणाच्या ध्यानात आला नाही, तो राहिला. घरी ती लाभ काढायची हे मला माहीत होतं, पोतं मीच धरायचो. पण नाल्याला ती लाभ काढत असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

"पयलं बोट हाललं की मनातच म्हनते, लाभ," ती साहेबाला सांगत होती, शाळेतल्या बाईसारखी समजावून. "मंग एक. पायली पोत्यात पडली की आकडा म्हनाचा, तसं बोट हाललं की आकडा. घड्याळ होतं तवा मले मोजाचंच नव्हतं. मोजाचं म्हटलं तं पयला कसा मोजू?"

म्हणजे तिचे दहा ते अकराच होते. सारा मे महिना अकराच होते.

पोलीस पाटील सोबत होता. तो चांगला माणूस, पण त्याला गावाचं चाक हातचं जाताना दिसलं. तो हळूच म्हणाला, "साहेब, एका आकड्यानं काय होते? कागद तं तुमचा गेलाच हाय. जाऊ द्या. पुढच्या सालचं पुढी पाहू."

साहेबाकडे पाहून मला वाटलं, हा आता पेचात पडला. अहवाल त्याच्या सहीचा. आपल्याच हातानं तो खोटा ठरवायचा. बाईच्या तोंडची मोजणी सरकारी कागदावर घेतली म्हणून वरून बोलणी खायची.

मी पाटलाच्या बाजूचा होतो. लपवत नाही. मला तिचा खांदा दिसत होता.

तीच म्हणाली, "भाऊ, दुसरा कागद लिवा."

मी म्हटलं, "तू चूप राह्य ना थोडी. गिरणी तुलेच पाह्यजे न?"

"पाह्यजेच. पन मे महिन्यात चाक बंद पडन तवा गाव काय म्हनन? हिनं मोजलं म्हनन. पाटील म्हनन काय, मी म्हटलं होतं?" पाटलानं मान खाली घातली. "खांदा दुखते तेवढा पुरे. शिव्या कोन खाइन?"

साहेब हसला. मग पिशवीतून कागद काढला, ड्रम उलटा करून त्याच्या बुडावर ठेवला आणि लिहायला बसला. अर्धा तास लिहीत होता. मध्ये मध्ये तिला विचारायचा. लाभ सगळीकडे असतो का? मीठ मोजताना? मोहफूल मोजताना? तिनं नीट सांगितलं. मिठाला नाही, मोहफुलाला असते. ते सगळं त्यानं लिहिलं. तसला सरकारी माणूस मी नंतर पाहिला नाही. चूक झाली, ती कशी झाली, कोणाची नाही, हे तो आनंदानं लिहीत होता. नवं काही सापडल्यासारखा.

पत्र दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.नं गेलं. आम्ही समजलो की आता सामान उचलतील. पावसाळ्याआधी उत्तर आलं. साहेब स्वतः वाचून दाखवायला आला. आधीचा अहवाल परत घेतला होता. त्याला कोणी ओरडलं नव्हतं. उलट आणखी एका वर्षाच्या मोजणीला पैसे मंजूर झाले होते, आणि एकाच्या जागी दोन घड्याळं. गाव पुन्हा हसलं. सरकारले पैशाचं ओझं झालं, नाल्यात फेकून राह्यलं, असं म्हणालं. मी हसलो नाही. मी आयुष्यात सरकारकडून खूप वायदे ऐकले. रस्ता देतो, विहीर देतो, पट्टा देतो. पण आम्हाला माहीत नाही, आधी माहीत करून घेतो, आणि त्यासाठी पैसे देतो, आणि चुकलं तर पुन्हा देतो, असं म्हणणारं सरकार मी एकदाच पाहिलं. मला त्याचं कौतुक वाटतं. कोणाला वेडेपणा वाटला तर वाटो.

दुसरं वर्ष आम्ही मोजलं. दोन घड्याळं, एक तिच्या हातात, एक माझ्या. मी काठावरून पाय टाकताना ती माझ्या हाताकडेच पाहायची. त्या उन्हाळ्यात अकरा, आणि शेवटच्या आठवड्यात बारा. साहेबानं वही मिटली.

"तुमचा नाला नाही चालणार, बाई," तो म्हणाला. बोलताना तिच्याकडे पाहिलं नाही. "पलीकडच्या डोंगरीवरचा चालेल. तिथं माणूस बसवला होता, त्याचे आकडे आठ आहेत."

"त्यानं लाभ काढला होता काय?"

"घड्याळ होतं. आणि तरी विचारून घेतलं."

तो दोन दिवस गावात राहिला. जाताना सांगून गेला की अहवालात तिची गोष्ट लिहिली आहे, आणि पुढं जिथं जिथं माणसं तोंडानं मोजतील तिथं आधी विचारायचं, घरी धान कसं मोजता. "'एका स्थानिक महिलेनं' एवढंच लिहिलंय. नाव घालायला परवानगी नाही." ती म्हणाली, नाव कायले पाह्यजे, नाल्याले तरी कुठी नाव हाय. चाक पलीकडच्या गावी बसलं. डोंगरी मध्ये, गाडीरस्ता नाही, आमच्या कामाचं नव्हतं. आम्ही एकदा चालत जाऊन पाहून आलो. पाणी नळीतून येत होतं, चाक फिरत होतं, बाया पोरं काखेत घेऊन उभ्या होत्या आणि गिरणीतून तांदूळ पडत होता. ती बराच वेळ पाहत राहिली.

लोकांना वाटतं की ती मोठ्या मनाची होती, खरं बोलली आणि सुखी झाली. तसं काही नाही. चाक पाहून आल्यावरच्या पावसाळ्यात एका सकाळी ती कांडत होती आणि मधेच थांबली. मुसळ भिंतीला टेकवलं, खांदा दाबला आणि म्हणाली, "चूप राह्यली असती तं बरं झालं असतं."

मी ओसरीवर बसलो होतो. पाटलाची बाजू घेतलेला माणूस मी, तू बरोबर केलंस असं म्हणायला मला तोंड नव्हतं. उठलो, आत गेलो आणि मुसळ उचललं.

"काय करून राह्यले?"

"दिसत नाई काय? सरक."

"लोक पाहतीन."

"पाहू दे."

लोकांनी पाहिलं. बरेच दिवस बोलले. बायको सरकारी कामावर अन् नवरा कांडनावर, असं रस्त्यात ऐकवायचे. एक तर मला वहिनी म्हणायचा. मला सुरुवातीला नीट येत नव्हतं, अर्धा तांदूळ कणी व्हायचा. ती समोर सूप घेऊन पाखडायला बसायची आणि म्हणायची, "हळू मारा. धान हाय, गिट्टी नाई." पुढं हात बसला. विजेची तार गावात आली आणि गिरणी आली, तोवर मीच कांडलं. तिचा खांदा शेवटपर्यंत वर गेला नाही. डॉक्टर काही करू शकले नाहीत, मीही नाही. पण त्या सकाळनंतर तिनं मुसळ उचललं नाही, एवढं मी सांगू शकतो.